फुप्फुसं, एक जोडी

आज सकाळपासून तुम्ही किती श्वास घेतलेत? सांगा ना. बरं, घेतलेले राहू देत. सोडलेत किती, आणि ते गेले कुठे?

बघा, कशी पंचाईत झाली! एवढे शिकलेसवरलेले तुम्ही, आणि स्वतःच्या नाकाची खबर नाही. तुमचं चुकलं असं नाही म्हणा. तुमच्या डोक्यावर उघडं आभाळ आहे. श्वास सोडला की गेला, पुन्हा भेट नाही. पण त्या आभाळाच्याही वर चार माणसं एका बंद डब्यात सहा-सहा महिने राहतात. यान म्हणतात त्याला, पण शेवटी डबाच. त्याला खिडकी आहे, ती उघडायची सोय नाही. तिथे सोडलेला श्वास तिथेच घुटमळतो. कुणी काढून घेतला नाही तर आधी डोकं दुखतं, मग झोप येते, आणि त्या झोपेतून कुणी उठत नाही. म्हणून एक पंखा ती शिळी हवा रात्रंदिवस ओढतो आणि एका खोक्यातून नेतो. खोक्यात मोहरीएवढे पांढरे दाणे. नको तो वायू दाणे धरून ठेवतात, उरलेली हवा चोख होऊन परत येते. त्या चौघांना एक स्वच्छ श्वास मिळावा म्हणून किती डोकी, किती यंत्रं आणि किती पैसा लागतो, हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेलच.

ते दाणे चाळतं कोण, हे वाचलंत? नाही ना. तेवढंच लिहायचं राहून जातं.

चाळणबाई चाळते. बावन्न वर्षांची, अंगानं काटकुळी, जिभेनं भरलेली. खरं नाव हजेरीच्या वहीत आहे, पण वही सोडून कुणी ते वापरत नाही. आधी आठ वर्षं ती पिठाच्या गिरणीत होती, तेव्हापासून तिचा कान तयार झालेला. गिरणीवाला डोळ्यांनी पीठ बघायचा, ही नुसतं ऐकून सांगायची, "अजून जाडं आहे." दाण्याचंही तसंच. चाळणी हलवली की स्वच्छ दाणा खळखळ वाजतो. त्यात धूळ राहिली असेल तर आवाज ओला येतो, तोंडात घास धरून बोलल्यासारखा. मोजायचं यंत्र अर्ध्या तासानं जे सांगतं, ते चाळणबाई चौथ्या हेलकाव्याला सांगते. यंत्राचं आणि तिचं कधी जुळलं नाही तर यंत्र दुरुस्तीला जातं. आजवर दोनदा गेलंय.

एवढं चाळायचं कशासाठी? तर दाण्याला दाणा घासून भुकटी होते. जमिनीवर भुकटी खाली बसते. वर मात्र खाली असं काही नसतंच, त्यामुळे ती बसत नाही. तरंगत राहते, डोळ्यात जाते, छातीत जाते, यंत्राच्या झडपा अडवते. म्हणून नियम कडक. मोठी चाळणी, मधली चाळणी, बारीक चाळणी, आणि एका खोक्यात चिमूटभरसुद्धा भुकटी चालणार नाही.

आता तुम्ही हुशार असाल तर विचाराल की दाण्यातून काढलेली ती भुकटी जाते कुठे.

ज्या खोलीत चाळतात त्या खोलीत जाते. पत्र्याचं छप्पर, तीन खिडक्या, तिन्हींवर प्लास्टिक ठोकलेलं. कारण बाहेरची ओल आत आली तर दाणा पाणी पितो आणि फुकट जातो. त्या बंद खोलीत अकरा बायका दोन ओळींत उभ्या, तोंडाला स्वतःच्या ओढणीचा नाहीतर पदराचा पट्टा. संध्याकाळी भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. एकमेकींना बघून म्हणायच्या, "आज तू माझ्याहून दहा वर्षांनी म्हातारी दिसतेस, बरं वाटलं." आणि काचेपलीकडे, शेजारच्या खोलीत, चाळलेला दाणा खोक्यात भरायचे. तिथे हवा कोरडी करून, गाळून, बेताची गार करून आत सोडलेली. दाण्याचा थाट असा, की पहिल्यांदा सासरी आलेल्या जावयाचा नसेल. त्याला ओल लागू नये, ऊन लागू नये, कुणाचा धक्का लागू नये.

चाळणबाईच्या शेजारी तिची धाकटी जाऊ उभी राहायची. तिला सगळे धाकटीच म्हणत. घरी या दोघींचं कपडे वाळत घालायच्या दोरीवरून सात वर्षांचं वैर. दोरीचा खिडकीकडचा भाग कुणाचा, यावर दोघींनी आपापल्या नवऱ्यांना उभं केलं होतं. नवरे गप्प बसले म्हणून नवऱ्यांशीही भांडून झालं. कामावर मात्र दोघी खांद्याला खांदा लावून. एकीची चाळणी थांबली की दुसरीचीही थांबायची.

तर त्या धाकटीला खोकला लागला. आधी कोरडा, मग रात्रीचा, मग जिना चढताना मध्येच थांबवणारा. घरी आजारी नवरा, म्हणजे चाळणबाईचा दीर. चूल पेटायची ती धाकटीच्याच जिवावर.

चाळणबाई सरळ मालकाकडे गेली.

"मालक, आमच्या खोलीत धूळ ओढायचा पंखा बसवा."

"बसवतो की. भोक कुठे पाडू?"

"भिंतीत पाडा. माझ्या डोक्यात कशाला?"

"भोकातून ओल येते, बाई. दाणा खराब होतो."

"मग काचेपलीकडे कशी येत नाही?"

"तिथे हवा कोरडी करून घेतो आपण. त्याला वेगळं मशीन आहे."

"ते इकडेही लावा."

"अहो, तिथे दाणा राहतो!"

"आणि इथे?"

"इथे तुम्ही आहात ना," मालक म्हणाला.

तो हे वाकड्यात बोलला नाही. अगदी सहज, खरं ते बोलला, आणि म्हणूनच चाळणबाईला जास्त झोंबलं. ती वळली तेव्हा मालक मागून म्हणाला, "आणि हे बघा, सोमवारी तपासणी आहे. साहेबांसमोर ती खोकायला लागली तर नसते प्रश्न. धाकटीला सोमवारी घरी बसू दे. मंगळवारचं बघू."

मंगळवारचं बघू! हे दोन शब्दांचं नाटकच होतं. याआधी दोघींना खोकला लागला होता आणि दोघींचं मंगळवारचं बघू झालं होतं. दोन वर्षांत किती मंगळवार आले नि गेले, त्या दोघी काही पुन्हा दिसल्या नाहीत.

बाहेर येऊन चाळणबाई धाकटीला म्हणाली, "सोमवारी यायचंस."

"मालक नको म्हणाले ना, जाऊबाई?"

"तू गेलीस तर तुझी चाळणी माझ्या गळ्यात पडेल. दोन-दोन चाळण्या हलवायला मला काय चार हात आहेत? तुझी दया बिया नाही हां, गैरसमज नको. आणि दोरीचा विषय वेगळा."

दाराजवळ खिळ्याला नियमांचं एक जाडजूड चोपडं टांगलेलं होतं. वरून यान उडवणाऱ्या खात्यानं पाठवलेलं. ते कुणी उघडत नसे. त्याच्यामागे शिट्टी आपला कंगवा लपवायची. शिट्टी म्हणजे दुसऱ्या ओळीतली पहिली, पुढचा दात पडल्यामुळे बोलताना शीळ वाजवणारी. पण चाळणबाई ते चोपडं वाचायची. ती चाळिशी उलटल्यावर वाचायला शिकली, तेही पोत्यांवरून. 'कोरड्या जागी ठेवा', 'उघडे टाकू नका', 'जपून हाताळा': आयुष्यात वाचलेली पहिली तीन वाक्यं, आणि तिन्हींत काळजी पोत्याची. त्यानंतर तिला वाटलं, माणसांची काळजीही कुठेतरी लिहिली असणार, म्हणून ती जेवणाच्या सुट्टीत चोपडं चाळत बसायची. चाळण्याचीच सवय. पाचशे पानं चाळून झाली, माणूस काही सापडला नाही.

पण त्या शुक्रवारी दुसरंच काही सापडलं. तिने पान दुमडलं आणि डबे उघडून बसलेल्या बायकांपुढे मोठ्यानं वाचलं: "दाण्याच्या कामात वापरलं जाणारं प्रत्येक हत्यार यादीत नोंदलेलं असावं आणि त्याला पिवळी चिठ्ठी बांधलेली असावी. ते धुळीपासून जपावं. दर सहा महिन्यांनी तपासून घ्यावं. नादुरुस्त निघाल्यास मालकानं ते दुरुस्त करून द्यावं. तपासणीचा कागद येईपर्यंत ते कामावरून काढू नये."

"बरं मग?" शिट्टीनं शीळ वाजवली.

"चाळणीला चिठ्ठी आहे. चमच्याला आहे. ब्रशला तर चिठ्ठीही आहे नि झाकणही आहे! आता सांग, चाळणी हलवतं कोण?"

"आपण."

"मग आपण यादीत कुठे आहोत?"

"आपण कशाला असू? आपण काय हत्यारं आहोत?"

"मालक काय समजतो?"

मग कोपऱ्यातून एक जण फिसकन हसली, तिला ठसका लागला, आणि सगळी ओळ हसत सुटली. धाकटी हसता हसता खोकली, खोकता खोकता हसली.

"मालकाच्या मनात जे आहे तेच कागदावर लिहायचं," चाळणबाई म्हणाली. "यात खोटं काय?"

"पण लिहायचं काय? बाई, नग एक?"

"हात लिही," शिट्टी म्हणाली.

"हात ठणठणीत आहेत. बिघडतंय काय ते लिहायला हवं."

आणि मग तिनं आपल्या वळणदार, पोत्यांवरून उचललेल्या ठळक अक्षरात लिहिलं: 'फुप्फुसं, एक जोडी.' खाली क्रमांक. असे अकरा. चिठ्ठ्यांची गुंडाळी तिच्याच ताब्यात असायची, हत्यारांना चिठ्ठ्या बांधायचं कामही तिचंच. हत्यारांच्या यादीत पान सातवं नव्यानं भरलं गेलं. सही तेवढी मालकाची हवी होती, आणि सही म्हणजे मालकासाठी माशी हाकलणं. सोमवारी सकाळी तो फोनवर कुणालातरी झापत होता. चाळणबाईनं यादी पुढे केली. त्यानं पान सहा हाकललं, सात हाकललं, आठ हाकललं, आणि न बघता परत दिलं.

मालकही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. शनिवारी दुपारी त्यानंही आपली तयारी केली होती. चाळायच्या खोलीत, बरोबर मधोमध, भिंतीवर चकचकीत पंखा बसवून घेतला. जाळी, बटण, सगळं नवं कोरं. "घ्या, झालं समाधान?" म्हणाला. "फक्त तपासणीच्या दिवशी चालू करू नका, साहेबांना आवाजाचा त्रास होतो." तो गेल्यावर चाळणबाईनं स्टुलावर चढून मागे बोट घातलं. भिंत जशीच्या तशी, भोक नाही. पंख्याला वायर नाही. चित्र टांगतात तसा पंखा टांगलेला.

"पाडू का खाली?" शिट्टी म्हणाली.

"हात लावू नकोस," चाळणबाई खाली उतरत म्हणाली. "छान दिसतोय. असू दे."

सोमवारी तपासनीस आला. बायका त्याला चिठ्ठीसाहेब म्हणत. किडकिडीत, गळ्यात दोरीनं बांधलेलं पेन, चेहऱ्यावर ना राग ना लोभ. त्याचा देवावर विश्वास होता की नाही माहीत नाही, चिठ्ठीवर होता. एकदा मालकानं त्याला पाणी दिलं, तर पेल्याला चिठ्ठी नाही म्हणून तो पेला खोलीबाहेर नेऊन मग प्यायला. चिठ्ठी असलेली प्रत्येक वस्तू तो मोठ्यानं वाचायचा, यादीत शोधायचा, खूण करायचा, पुढे सरकायचा.

"मोठी चाळणी, एक. आहे. मधली चाळणी, एक. आहे. ब्रश, झाकणासह. आहे." असं करत तो चाळणबाईपर्यंत आला आणि तिच्या मनगटाकडे बघून थांबला. तिथे पिवळी चिठ्ठी होती.

त्यानं चष्मा वर केला, खाली केला, आणि वाचलं. "फुप्फुसं, एक जोडी."

मालक मागेच उभा होता. "काय?"

"पान सात," चिठ्ठीसाहेब यादी उलटत म्हणाला. "आहे." खूण केली. पुढे सरकला. "फुप्फुसं, एक जोडी. आहे." पुन्हा खूण.

"साहेब! अहो साहेब, बायकांचा चावटपणा आहे हा! काढा गं त्या चिठ्ठ्या!"

"चिठ्ठी मी काढल्याशिवाय काढता येत नाही," चिठ्ठीसाहेब म्हणाला. "यादीवर सही कोणाची?"

मालकानं सही बघितली. "माझी... पण म्हणजे... मी ते वाचलं नव्हतं."

"तसं लिहू का? यादी न वाचता सही केली?"

मालकानं घाईघाईनं मान हलवून नाही म्हटलं. चाळणबाई नम्रपणे, अगदी नव्या नवरीसारखी, जमिनीकडे बघत उभी. इतकी नम्र ती लग्नातही नव्हती.

तेवढ्यात धाकटीला खोकला आला. तिनं पदर तोंडात कोंबला, डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज काही थांबेना. सगळी खोली तिच्याकडे बघायला लागली. चाळणबाईच्या चेहऱ्यावरचं नाटक तेवढ्यापुरतं गळून पडलं. ती पटकन पुढे झाली नि धाकटीच्या पाठीवर हात ठेवला.

चिठ्ठीसाहेबानं धाकटीचं मनगट न धरता, नुसती चिठ्ठी दोन बोटांत धरून वाचलं. "फुप्फुसं, एक जोडी. शेवटची तपासणी..." तिथे चाळणबाईनं लिहिलं होतं: कधीच नाही. त्यानं ते दोनदा वाचलं. "साठवण?" आणि पुढे तिनं लिहिलं होतं: धुळीत, उघड्यावर.

त्यानं पिशवीतून धूळ मोजायचं यंत्र काढलं. एरवी ते तो काचेपलीकडेच लावायचा. आज चाळण्यांच्या मधोमध, बायकांच्या नाकाच्या उंचीवर धरलं. यंत्र क्षणभर गप्प राहिलं आणि मग असं केकाटलं, की काचेपलीकडच्यांनी माना वळवल्या.

"पंखा आहे की साहेब!" मालकाला एकदम आठवण झाली. "हा काय, नवा कोरा!"

चिठ्ठीसाहेब पंख्याकडे गेला आणि त्यानं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं.

"हलक्या हातानं दाबा साहेब," चाळणबाई म्हणाली. "नवीन आहे."

मग साहेब स्टुलावर चढला. त्यानंही मागे बोट घातलं. खाली उतरून त्यानं बोट रुमालाला पुसलं, पिशवीतून लाल चिठ्ठी काढली आणि दाराच्या कडीला बांधली. लाल म्हणजे काम बंद. "अकरा हत्यारं धुळीत आढळली. तपासणीचे कागद नाहीत. दुरुस्ती होईपर्यंत दाणा हलणार नाही. आणि हत्यारंही कामावरून काढायची नाहीत."

जाताना तो पाठमोरा झाला तेव्हा त्याचे खांदे दोनदा हलले. हसला असेल का, यावर बायकांमध्ये अजून वाद आहे. खोकला असेल म्हणा. त्या खोलीत कुणालाही यायचा.

पुढे काय झालं ते पटकन सांगण्यासारखं आहे, कारण घाई आता वरच्यांना होती. यान उडायची तारीख ठरलेली, खोकी अडकलेली, मालकाच्या फोनला उसंत नाही. जी भिंत फोडली तर आभाळ कोसळणार होतं, ती चौथ्या दिवशी फुटली. दहाव्या दिवशी कोरडी हवा आत आणणारा एक नळ आणि धूळ बाहेर ओढणारा दुसरा, असे दोन जाडे नळ चाळण्यांच्या डोक्यावर आले. दाणा बिघडला नाही. ओल आली नाही. आभाळही जागेवर राहिलं.

अकरा हत्यारांना मालकानं स्वतःच्या गाडीतून तीन खेपा करून दवाखान्यात नेलं. गाडीच्या गादीवर बसायला शिट्टी तीनही खेपांना गेली. डॉक्टरीणबाईनं कागद उलटसुलट करून विचारलं, "हे 'हत्याराचा प्रकार' म्हणजे काय लिहायचं?" शिट्टी म्हणाली, "हलतं-बोलतं लिहा."

धाकटीच्या छातीच्या फोटोत पांढरे ठिपके निघाले. गेलेली भुकटी बाहेर येत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाली. पण आजपासून आणखी गेली नाही तर बाई पुष्कळ वर्षं जगेल. तिनं कागदावर लिहिलं, 'धुळीपासून लांब ठेवल्यास चालू राहील.' नियमाप्रमाणे हत्यार दुरुस्त करायचं होतं, टाकून द्यायचं नव्हतं. म्हणून धाकटी काचेपलीकडे गेली, दाण्याच्या थाटात. पांढरी टोपी घालून खोकी भरते. खोकला पूर्ण गेलेला नाही, पण जिना आता ती एका दमात चढते.

चाळणबाईनं यादीच्या आठव्या पानावर आणखी एक ओळ घातली होती: 'हरवलेली हत्यारं, दोन. शोधून आणावीत.' मंगळवारचं बघू झालेल्या त्या दोघी. एक आली. दुसरीनं निरोप पाठवला, "त्या खोलीत पुन्हा? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" तिचंही बरोबरच होतं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं, पण स्वच्छ हवा फुकट मिळत नाही. वर नाही, खालीही नाही. ते दोन नळ असे घोंघावतात की चाळणबाईला दाणा ऐकू येत नाही. आख्ख्या आयुष्यात एकच गोष्ट तिला सगळ्यांपेक्षा चांगली यायची, ती त्या आवाजात बुडाली. आता ती यंत्रासाठी अर्धा तास थांबते, इतरांसारखी. यंत्र आता कधी दुरुस्तीला जात नाही, याचा तिला मनापासून राग आहे.

म्हणून कधीकधी, दुपारी, कुणाचं लक्ष नसताना ती हळूच नळांच्या बटणाकडे सरकते. दोनच मिनिटं. चार हेलकावे. नुसतं ऐकायचं. बटण बंद होतं, खोली शांत होते, चाळणी हलते, दाणा खळखळतो, आणि चाळणबाईच्या चेहऱ्यावर असं सुख येतं की विचारू नका.

मग काचेवर टकटक होते. पलीकडे धाकटी, पांढऱ्या टोपीत, कमरेवर हात ठेवून, डोळे वटारून. एकदा तर तिनं काचेला कागदच लावला. अक्षर चाळणबाईनंच शिकवलेलं: 'चालू करा जाऊबाई. नाहीतर दोरी पूर्ण माझी.'

चाळणबाईनं पुटपुटत नळ चालू केले. दोरी तिनं अजून सोडलेली नाही.

आता तुमच्याकडे एकच मागणं. जिथे जाल तिथे, छापखान्यात, बेकरीत, लाँड्रीत, फर्निचरच्या कारखान्यात, माणसं धुळीत नाहीतर वाफेत उभी असतील आणि भिंतीवर पंखा असेल, तर नुसतं "अरे वा, पंखा आहे" म्हणून निघून येऊ नका. पुढे व्हा आणि बटण दाबा. हलक्या हातानं दाबा, नवीन असेल. आणि फिरला नाही, तर स्टुलावर चढून मागे बोट घाला.